फ्लॅटचा फोटो कधी काढलाय आणि कुठून काढलाय, हे आधी विचारा

मुंबईत घर घेणारा माणूस घर बघायच्या आधी फोटो बघतो आणि खरं सांगायचं तर निम्मा निर्णय तिथेच होतो. रोज लोकलने जाऊन-येऊन दमलेल्या माणसाला आठवड्यात एक रविवार मिळतो, त्यात मेगाब्लॉक, त्यात पोरं, मग वीस फ्लॅट प्रत्यक्ष जाऊन बघणार कधी? सोळा-सतरा फोटोवरूनच बाद होतात आणि उरलेल्या तीन-चारांच्या व्हिजिट लागतात. म्हणजे कुठल्या घराचा दरवाजा वाजवायचा आणि कुठल्या नाही, हे फोटो ठरवतो.

जाहिरातीत कार्पेट एरिया लिहितात, मजला लिहितात, किंमत लिहितात, तसाच फोटोसुद्धा एक दावाच असतो. तो सांगतो की हे घर आज असं दिसतं. यातला 'असं' बिघडतो कॅमेऱ्यामुळे आणि एडिटिंगमुळे, आणि 'आज' बिघडतो जुन्या फोटोमुळे. लोक पहिल्याबद्दल बरंच बोलतात, पण माझ्या मते आपल्याकडे जास्त नुकसान दुसऱ्याने होतं. दोन्ही नीट समजून घेऊ.

आधी कॅमेरा. खोली मोठी दाखवायला फोटोशॉप लागतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण काहीच लागत नाही, फोनमध्ये ०.५ लिहिलेलं बटण असतं ना, अल्ट्रावाईड, तेवढं पुरतं. फोनचा नेहमीचा मेन कॅमेरा, म्हणजे १एक्स, फोटोग्राफीच्या हिशोबात साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा असतो आणि फोन आडवा धरला की ७० अंशांच्या आसपासचं दृश्य पकडतो. अल्ट्रावाईड असतो साधारण १३ मिलिमीटरचा आणि तो शंभरहून जास्त अंश पकडतो. आता आपली दहा बाय दहाची बेडरूम घ्या. एका भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि समोरच्या भिंतीचा फोटो काढा. १एक्सने काढला तर समोरची भिंत फोटोच्या रुंदीचा जवळजवळ सत्तर टक्के भाग व्यापते आणि बाजूच्या दोन भिंतींचा पलीकडचा तीनेक फुटांचा तुकडाच दिसतो. ०.५ने काढला की तीच समोरची भिंत चाळीस टक्क्यांच्या आत येते आणि बाजूच्या भिंती सहा फुटांहून जास्त दिसायला लागतात. खोली तीच, उभं राहायची जागा तीच, पण समोरची भिंत अर्ध्या आकाराची दिसली की आपलं डोकं आपोआप समजतं की ती दुप्पट लांब आहे, आणि मग दहा बाय दहाची खोली जाहिरातीत हॉलसारखी वाटते. त्यात फोटो काढणारा दाराच्या बाहेर पॅसेजमध्ये उभा राहिला तर अजून तीन फूट मिळाले.

हे ओळखता येतं. अल्ट्रावाईडमध्ये फोटोच्या कडेला असलेल्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात, म्हणजे भिंतीवरचं गोल घड्याळ कडेला असेल तर अंड्यासारखं दिसतं, पलंगाचा जवळचा कोपरा अवाढव्य आणि उशांकडची बाजू चिमुकली दिसते. (काही फोन हा ताण आपोआप थोडा सरळ करतात, त्यामुळे दिसला नाही म्हणजे फोटो १एक्सचाच आहे असं समजू नका.) सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे फरशा मोजा. गेल्या काही वर्षांत रिनोव्हेट झालेल्या बहुतेक घरांत दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाईल असते, ती कॅमेऱ्याने कितीही ताणली तरी संख्या बदलत नाही, आडव्या पाच टाईल्स दिसल्या तर खोली दहा फूटच. टाईलचा साईझ मात्र ब्रोकरला विचारून घ्या कारण आता चार बाय दोनच्याही टाईल्स येतात आणि जुन्या बिल्डिंगमध्ये एक बाय एकच्या किंवा मोझॅकच्या लाद्या असतात. लादी दिसत नसेल, सगळीकडे गालिचा अंथरलेला असेल, तर पलंग बघा, डबल बेडची गादी साधारण सव्वासहा फूट लांब असते आणि ती ठेवून भिंतीपर्यंत किती जागा उरली यावरून अंदाज येतो. फक्त सॅम्पल फ्लॅटमध्ये हा हिशोब करू नका, कारण तिथे काही वेळा पलंग आणि सोफे मुद्दाम आखूड बनवून घेतलेले असतात आणि आतली दारंच लावलेली नसतात, त्यामुळे सगळं मोकळं-मोकळं वाटतं.

अल्ट्रावाईड वापरणारा प्रत्येक जण खोटा असतो असं मला अजिबात म्हणायचं नाही. चार बाय सातच्या बाथरूमचा फोटो १एक्सने निघतच नाही, नळ तरी दिसतो नाहीतर दरवाजा तरी. तिथे वाईडने काढा, पण खाली मापं लिहा. माप लिहिलेला वाईड फोटो प्रामाणिक आहे असं मी मानतो.

आता तारखेकडे येऊ, आणि इथे मुंबईचं म्हणून एक वेगळंच गणित आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस भिंतींची परीक्षा घेतो. टॉप फ्लोअरची स्लॅब, पश्चिमेकडची बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, खिडकीच्या खालचा पट्टा, या जागांना ओल येते, रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भिंत वाळते, दिवाळीच्या आधी पुट्टी आणि रंग लागतो, आणि जानेवारी ते मे या काळात काढलेल्या फोटोत तीच भिंत नवीकोरी दिसते. हा फोटो एडिट केलेला नाही, वाईडने काढलेला नाही, तरी तो घराबद्दलची सगळ्यात महागडी गोष्ट सांगत नाही. म्हणून कोरड्या दिवसांत घर बघत असाल तर गेल्या पावसाळ्यातला, जुलै-ऑगस्टमधला एखादा फोटो मागा, नसेल तर ज्या भिंती मी वर सांगितल्या त्यांचे जवळून काढलेले फोटो मागा. बिल्डिंगच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे का, तेही विचारा. शेड वाईट नसते, बऱ्याच सोसायट्या गळती थांबवायलाच घालतात, पण शेड घातली म्हणजे बहुधा कधीतरी गळत होतं, मग पुढचा प्रश्न विचारता येतो.

दुसरी गोष्ट व्ह्यू. मुंबईत रिडेव्हलपमेंट इतकी चालू आहे की खिडकीबाहेरचं दृश्य दोन वर्षांत पूर्ण बदलतं. माझा मावसभाऊ कांदिवली पूर्वेला एक फ्लॅट बघायला गेला, फोटोत बेडरूमच्या खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसत होते, हिरवेगार, आणि जाऊन बघतो तर समोर नव्या टॉवरचा सांगाडा, स्लॅब त्यांच्या मजल्याच्या वर गेलेला. एजंट म्हणाला, "दादा, फोटो याच घराचा आहे, मी खोटा नाही टाकला." आणि ते खरंही होतं, फोटो याच घराचा होता, फक्त समोरची जुनी चार मजली बिल्डिंग पडायच्या आधीचा. वहिनी अर्धा दिवस रजा टाकून आली होती. तिने त्याला एवढंच विचारलं की दादा, तुम्ही शेवटचे या घरात कधी आलात, आणि त्याला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात फ्लॅटचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच असतो.

उन्हाचंही असंच आहे, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरमध्ये दुपारी सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या खिडकीतून ऊन आत लादीपर्यंत येतं आणि फोटोत घर उजेडाने भरलेलं दिसतं. मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या शेवटापर्यंत तो किंचित उत्तरेकडेच असतो, त्या काळात त्याच खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. उलट पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर जे ऊन येतं ते सकाळी दहाच्या फोटोत कुठेच नसतं, ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत. म्हणून फोटो कुठल्या महिन्यातला आणि किती वाजताचा, हे विचारणं चोंबडेपणा नाही, आणि घराला ऊन कधी कुठून येतं हे विकणाऱ्यानेच लिहिलं तर त्याच्यासारखं चांगलं काही नाही.

तारीख कशी शोधायची? फोटो फोनमध्ये काढला की फाईलच्या आत तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती साठवली जाते, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते. ब्रोकरला सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फाईल येते आणि त्यात बहुतेक वेळा तारीख दिसते. गूगल लेन्सवर फोटो टाकून बघा, तोच हॉल दुसऱ्या कुठल्या एरियाच्या जाहिरातीत किंवा एखाद्या इंटिरियरवाल्याच्या पानावर सापडला तर पुढे बोलायलाच नको. बिल्डिंगच्या बाहेरचं बघायला गूगल स्ट्रीट व्ह्यू आहे, भारतात तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या शहरांत मुंबई होती, आणि त्यावर चित्र कुठल्या महिन्यातलं आणि वर्षातलं तेही लिहिलेलं असतं. म्हणजे रस्ता, गेट, समोरचा प्लॉट, मेट्रोचा खांब खिडकीच्या किती जवळ आहे, हे घरबसल्या बघता येतं, फक्त तिथलीही तारीख बघायला विसरू नका. आणि सगळ्यात सोपं म्हणजे व्हिडिओ कॉल. मालकाला सांगा की मेन डोअरपासून न थांबता चालत सगळ्या खोल्या दाखवा आणि शेवटी खिडकीबाहेर फोन धरा, पाच मिनिटांत होतं.

अजून एक प्रकार आहे तो म्हणजे 'सेम लेआउट'. विकायचा फ्लॅट ५०३, फोटो ८०३चे, कारण ८०३ वाल्यांनी भारी इंटिरियर केलंय. एजंटला यात काही चूक वाटत नाही, लेआउट सेम आहे ना. पण मजला वेगळा म्हणजे उजेड वेगळा, हवा वेगळी, व्ह्यू वेगळा, आवाज वेगळा, आणि दुसऱ्याच्या घराचे फोटो त्याला न विचारता वापरणं हे तर वेगळंच. विंग आरशासारखी उलटी असेल तर किचनच दुसऱ्या बाजूला जातं.

एडिटिंगबद्दल थोडक्यात सांगतो कारण नियम सोपा आहे. उजेड थोडा वाढवला, रंग डोळ्याला दिसतात तसे केले, वाकड्या रेषा सरळ केल्या, इथपर्यंत ठीक. घरात नसलेली गोष्ट आणली किंवा असलेली गोष्ट पुसली की ते घर राहिलंच नाही. भिंतीवरची ओल पुसणं, खिडकीसमोरची विजेची तार किंवा शेजारची बिल्डिंग काढणं, राखाडी आभाळ निळं करणं, हे आता एआयमुळे फोनवर एका मिनिटात होतं. रिकाम्या खोलीत खोटं फर्निचर बसवणंही सर्रास चालतं, त्याला व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणतात, ते चालेल पण फोटोवरच ठळक लिहा की फर्निचर काल्पनिक आहे आणि शेजारी रिकाम्या खोलीचा खरा फोटो टाका. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासून हा नियमच केलाय, की घरविक्रीच्या जाहिरातीत डिजिटली बदललेला फोटो असेल तर तसं सांगायचं आणि मूळ फोटोही बघायला उपलब्ध ठेवायचा. आपल्याकडेही असा स्पष्ट नियम यावा असं मला मनापासून वाटतं.

आता आपला कायदा काय म्हणतो. नवीन प्रोजेक्ट असेल तर बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घरविक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा, आणि त्यातल्या कलम १२ मध्ये सरळ लिहिलंय की जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट बघून कोणी पैसे भरले आणि त्यातल्या खोट्या किंवा चुकीच्या माहितीमुळे त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत करायची. जाहिरातीची व्याख्याही मोठी आहे, कुठल्याही माध्यमातली, कुठल्याही स्वरूपातली प्रसिद्धी त्यात येते. प्रोजेक्टचे फ्लॅट विकणाऱ्या एजंटसाठी कलम १० आहे, तोंडी, लेखी किंवा डोळ्यांना दिसेल अशा कुठल्याही रूपात खोटी माहिती द्यायची नाही असं त्यात म्हटलंय, म्हणजे फोटो आलाच की. जाहिरातीवर महारेराचा (म्हणजे महाराष्ट्रात हा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाचा) नंबर आणि वेबसाईटचा पत्ता हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने क्यूआर कोडही सक्तीचा केलाय. तो स्कॅन करा, प्रोजेक्टचं पान उघडतं, तिथे मंजूर प्लॅन असतो, तो ब्रोशरमधल्या गार्डन आणि स्विमिंग पूलच्या चित्राशी ताडून बघा. ब्रोशरमध्ये कोपऱ्यात बारीक अक्षरात 'चित्र केवळ कल्पनेसाठी' असं लिहिलेलं असतं, ते नक्की कुठल्या चित्राला लागू आहे ते तिथल्या तिथे विचारा. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ब्रोशर, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो सगळं जपून ठेवा, कारण उद्या तक्रार करायची वेळ आली तर वेबसाईटवरची जाहिरात तोपर्यंत उडालेली असते.

रिसेलला मात्र हे संरक्षण तितकं नाही. एका माणसाने आपला राहता फ्लॅट दुसऱ्याला विकला की तो काही रेराच्या अर्थाने बिल्डर होत नाही. तिथे जुने कायदे लागतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवून किंवा चुकीचं चित्र उभं करून करार करायला लावला असेल तर फसलेल्याला तो रद्द करून मागता येतो, पण चुकीचं चित्र नकळत उभं राहिलं असेल आणि साधी चौकशी केली असती तर खरं कळलं असतं अशी परिस्थिती असेल तर ते अवघड होतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे, त्यात विकणाऱ्यावर जबाबदारी टाकलीय की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, तो सांगितलाच पाहिजे. दर पावसाळ्यात बेडरूममध्ये ओल येते आणि आत्ताच वरून रंग मारलाय, हे घेणाऱ्याला मार्चमध्ये कसं कळणार? पण कोर्टात जाऊन हे सिद्ध करायला वर्षं जातात, म्हणून रिसेलमध्ये आपणच आधी बघून घ्यायचं.

आता विकणाऱ्यांशी बोलतो. मला कायम ऐकायला मिळतं की खरा फोटो टाकला तर येणार कोण. बरं, न येणारा कोण ते बघा. ज्याला ओल चालणारच नाही तो येणार नाही, आणि तो आला असता तरी नाही म्हणूनच गेला असता, तुमचा रविवार, तुमचा चहा, भाडेकरूची अडचण सगळं फुकट. जो ओलीचा फोटो बघून येतो त्याने वॉटरप्रूफिंगचा खर्च आधीच मनात धरलेला असतो. ज्याला ती घरात आल्यावर दिसते तो दोन लाखांच्या कामासाठी दहा लाख पाडून मागतो, कारण आता त्याला वाटतं की अजून काय काय लपवलंय. शिवाय लोन असेल तर बँकेचा व्हॅल्युअर येतो, तो स्वतःचे फोटो काढतो आणि रिपोर्टला जोडतो. तुमचा फोटो काहीही सांगत असला तरी तिथे घर जसं आहे तसंच जातं, आणि टोकन (व्यवहार ठरवताना दिलेली आगाऊ रक्कम) घेतल्यानंतर व्यवहार फिसकटला की बिल्डिंगमध्ये चर्चा होते ती वेगळी.

फोटो काढायला प्रोफेशनल लागतोच असं नाही. लेन्स सुती कपड्याने पुसा, मेन कॅमेरा वापरा, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरा, सगळ्या खिडक्या उघडा, पडदे बाजूला करा. प्रत्येक खोलीचे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन फोटो, कारण एकाच कोपऱ्यातून काढला की पाठीमागची भिंत कोणालाच दिसत नाही आणि बऱ्याचदा अडचण तिथेच असते. खिडकीबाहेरचा फोटो खिडकीत उभं राहून, झूम न करता. बाथरूम, ड्राय बाल्कनी, लिफ्ट, जिना, पार्किंगची नेमकी जागा (स्टॅक, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायची असेल तर वरची की खालची), सोसायटीचं गेट आणि त्यासमोरचा रस्ता, हे लोक टाकत नाहीत आणि घेणारा नेमकं तेच शोधत असतो. भाडेकरू राहत असेल तर त्यांना विचारून, त्यांचं सामान आवरल्यावरच काढा. मुलांचे फोटो, दारावरची नावाची पाटी, कपाटातली तिजोरी, टेबलावरची कागदपत्रं फ्रेममध्ये येऊ देऊ नका, ही जाहिरात कोण कोण बघणार याचा पत्ता नसतो.

आणि खाली दोन ओळी लिहा, उदाहरणार्थ: 'फोटो ऑगस्ट २०२५ चे, मेन कॅमेऱ्याने काढलेले. छोट्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येते, फोटो क्रमांक सात. सोफा आणि पलंग किमतीत नाहीत, वॉर्डरोब आणि किचन ट्रॉली आहेत.' रंग काढला, बिल्डिंगला परांची बांधली, समोर काम सुरू झालं की फोटो बदला. घर विकलं गेलं की जाहिरात त्याच दिवशी काढा, ब्रोकरला फोन करून त्यालाही काढायला लावा, कारण विकलेल्या घराचे फोटो गळासारखे वापरून फोन जमवणारे आहेत आणि त्यात तुमच्या घराचं नाव येतं.

घेणाऱ्यांनी व्हिजिटला जाताना जाहिरात मोबाईलवर उघडी ठेवा आणि प्रत्येक फोटो जिथून काढलाय तिथे उभं राहून तसाच एक फोटो स्वतः काढा. फरक दिसला तर तिथेच विचारा. घर पसंत पडलं तर टोकन द्यायच्या आधी, फोटोत दिसणाऱ्या वस्तूंपैकी कुठल्या राहणार आणि कुठल्या जाणार याची यादी मालकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, मग ती करारनाम्याला जोडायला वकिलाला सांगा.